पोरगं बोट करतंय का, ते आधी बघा

कोल्हापुरात पेठेतल्या अंगणवाडीत मी सतरा वर्षं सेविका आहे. पोरगं बोलत नाही म्हटलं की "बाप पण उशिराच बोलला होता" हे इतक्या आज्यांकडून ऐकलंय, की मी नुसत्या बोलण्यावर अडून बसत नाही. मी बोट बघते. बोट करून दाखवणं नसेल, तर ती ऑटिझमची, म्हणजे बोलण्या-मिसळण्याची वाढ वेगळी होण्याची, एक खूण असू शकते.

दीड वर्षाचं मूल खिडकीतनं केएमटीची बस दिसली की बोट करतं आणि वळून आईकडं बघतं: तूपण बघितलीस ना? हे वळून बघणं महत्त्वाचं. गेल्या वर्षी तीन वर्षांचा एक पोरगा आला. शेंगदाण्याचा डबा वरच्या फळीवर. त्यानं माझं मनगट धरलं, डब्यापाशी नेलं, पंजा झाकणावर ठेवला. तोंडाकडं एकदाही बघितलं नाही. माझा हात म्हणजे त्याला पक्कड. एबीसीडी पाठ होती, म्हणून घरचे खूश.

वर्षाचं मूल हाकेला वळतं का, दोन वर्षांचं "पाणी दे" असे दोन शब्द जोडतं का, हेही बघा. एखाद्याच खुणेवरनं काही ठरत नाही. पण येत असलेले शब्द गेले, तर वय कुठलंही असो, लगेच डॉक्टर गाठा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही २० प्रश्नांची यादी असते. ती चाळणी आहे, निदान नव्हे.

सेविकांनो, माझी चूक करू नका. वजनाच्या दिवशी सगळ्या बायकांसमोर एका आईला मी "ऑटिझम वाटतोय" म्हणाले. दोन महिने पोर आलं नाही. आता पोरं गेल्यावर आईला, जमलं तर सासूलाही, थांबवते आणि फक्त दिसलेलं सांगते: "तीनदा हाक मारली, वळला नाही." नाव काय ते डॉक्टर सांगतील. आणि "तू नोकरीला जातीस म्हणून झालं" असं कोणी म्हणालं, तर तिथंच अडवते. आईच्या वागण्यानं ऑटिझम होत नाही.

आधी कान तपासा. ढोल वाजल्यावर दचकतो म्हणजे नीट ऐकू येतं असं नाही. कानाची बेरा चाचणी पोराला झोपवून करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातनं दोनदा येतं, त्यांना दाखवाच. पण त्यासाठी थांबू नका, सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात बालरोगाच्या ओपीडीत घेऊन जा. निदान झालं की दिव्यांग दाखल्याचं बघा: २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि निरामय या सरकारी आरोग्य विम्यात १ लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीसुद्धा.

थेरपीचा नंबर लागेपर्यंत घरी बसून राहायचं नाही. पोरासमोर जमिनीवर बसा. तो बाटल्यांची बुचं रांगेत लावतोय? हिसकावू नका, तुम्हीपण एक लावा. खाऊ काचेसारख्या बरणीत घट्ट झाकून समोर ठेवा. त्यानं बरणी पुढं केली की लगेच उघडू नका, मनात पाच मोजा. नजर, आवाज, हात, काहीही आलं की "उघड" एवढंच म्हणा आणि उघडा. रडवायचं मात्र नाही. रडायला आला तर उघडून मोकळं व्हा. दिवसातनं दहा वेळा, जेवता-खेळताच.

त्या पोराचं बोट जूनमध्ये आलं. शेंगदाण्याकडं नाही, भिंतीवरच्या पालीकडं. आणि मग वळून माझ्याकडं बघितलं.