व्हिटॅमिन सी सीरम तपकिरी पडत असेल तर (माझा अनुभव)

रत्नागिरीच्या दमट हवेत सीरमची बाटली अर्धी व्हायच्या आतच पाण्यासारखं सीरम चहाच्या रंगाचं व्हायचं. त्याने चेहऱ्यावर तेज यायचं नाही, उलट बोटं आणि उशीचा अभ्रा पिवळा पडायचा. बाटली कपाटात ठेवून पाहिली, कंपनी बदलली, सगळं व्यर्थ. पैसे वाया गेल्याचा फार संताप यायचा.

कारण साधं आहे: शुद्ध एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजेच सीरममधलं व्हिटॅमिन सी) हवा, उजेड आणि उष्णतेने ऑक्सिडाइझ होतं, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन खराब होतं. ड्रॉपर उघडला की दरवेळी नवी हवा आत जाते.

उपाय याच क्रमाने करा. ३० ऐवजी १५ मिलीची, गडद काचेची किंवा हवाबंद पंपाची बाटली घ्या. पंप मिळाला तर उत्तमच. व्हिटॅमिन सीचं प्रमाण १० ते १५ टक्के, सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक ॲसिड हवंच. ही जोडी सीरम टिकवते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. बाटली खोक्यासकट फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. सकाळी चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करा, तीन-चार थेंब तळहातावर घेऊन झाकण लगेच घट्ट लावा. ड्रॉपर त्वचेला टेकवू नका. सीरम मुरल्यावर मॉइश्चरायझर, मग एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन.

आता शेवटच्या थेंबापर्यंत रंग फार तर फिकट पिवळसर होतो. गडद केशरी झालं तर मात्र टाकून द्या.