पहिल्या धर्मयुद्धाची कारणे कशी अभ्यासावीत?

ख्रिस्ती आणि मुस्लिम सत्तांमधील मध्ययुगीन धर्मयुद्धांचा उगम शोधू पाहणाऱ्याने सर्वप्रथम एक तारीख समोर लिहून ठेवावी : १५ जुलै १०९९. त्या दिवशी पश्चिम युरोपातून आलेल्या सैन्याने जेरुसलेम जिंकले. हा विजय समकालीनांना इतका अद्भुत वाटला की, त्यानंतर लिहिणाऱ्या इतिवृत्तकारांनी मोहिमेची सुरुवातही त्याच्याच प्रकाशात मांडली. म्हणून कोणतेही साधन हाती आले की ते या तारखेच्या आधीचे आहे की नंतरचे, हे आधी ठरवावे आणि मगच त्यातील मजकुरावर भार टाकावा.

या पद्धतीचा उपयोग क्लेरमाँच्या भाषणाबाबत सर्वांत चांगला दिसतो. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ येथे भरलेल्या धर्मसभेच्या अखेरीस पोप दुसरा अर्बन याने पूर्वेकडील मोहिमेचे आवाहन केले. या भाषणाची मूळ संहिता उरलेली नाही. जी भाषणे पुस्तकांत उद्धृत केलेली आढळतात, ती शार्त्रचा फुल्चर, रॉबर्ट नावाचा मठवासी आणि त्यांच्यासारख्या लेखकांनी जेरुसलेम पडल्यानंतर लिहिलेली आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. फुल्चरच्या भाषणात पूर्वेकडील ख्रिस्ती बांधवांना साहाय्य करण्यावर भर असून जेरुसलेमचे नावही येत नाही. रॉबर्टच्या भाषणात मात्र जेरुसलेम केंद्रस्थानी आहे. अशा वेळी यांपैकी एकाची निवड करून दुसरा बाजूला सारू नये. त्याऐवजी १०९५-९६ मधील साधनांकडे वळावे.

त्यांपैकी धर्मसभेचा एक ठराव शब्दशः वाचण्यासारखा आहे. मानमरातब किंवा धन मिळवण्यासाठी नव्हे, तर केवळ भक्तिभावाने जो कोणी ईश्वराचे चर्च मुक्त करण्यासाठी जेरुसलेमला जाईल, त्याचा हा प्रवास संपूर्ण प्रायश्चित्त म्हणून धरला जाईल, असा त्याचा आशय आहे. या एका वाक्यातून तीन गोष्टी हाती लागतात. जेरुसलेमचे उद्दिष्ट १०९५ मध्येच ठरलेले होते; अर्बनने त्याच सुमारास फ्लँडर्समधील लोकांना लिहिलेल्या पत्रातही पवित्र नगरीचा उल्लेख आहे. लोक लोभानेही निघतील, याची धर्मसभेला पुरती कल्पना होती, एरवी तशी अट घालण्याचे कारण नव्हते. आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सशस्त्र मोहिमेलाच प्रायश्चित्ताचे स्थान देण्यात आले. हा बदल किती मोठा होता, हे समजण्यासाठी १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई आठवावी. त्या लढाईतील विजयी नॉर्मन सैनिकांवर बिशपांनी नंतर, ठार केलेल्या दर माणसामागे एक वर्षाचे प्रायश्चित्त लादले होते. ज्या समाजात रक्तपातानंतर प्रायश्चित्त घ्यावे लागत होते, तेथे तीस वर्षांच्या आत युद्धयात्राच पापक्षालनाचा मार्ग ठरली. उगमाचा गाभा मला येथेच दिसतो.

यानंतर नेहमी सांगितली जाणारी कारणे एकेक करून घ्यावीत आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : मग युद्ध तेव्हाच का झाले नाही? जेरुसलेम मुस्लिम सत्तेखाली गेले ते ६३८ च्या सुमारास, खलिफा उमर याच्या काळात. त्यानंतर साडेचारशे वर्षे अशी मोहीम निघाली नाही. १००९ मध्ये इजिप्तवर राज्य करणाऱ्या फातिमी घराण्याचा खलिफा अल्-हाकिम याने जेरुसलेममधील येशूच्या समाधीवरील चर्च उद्ध्वस्त करविले, परंतु पुढे बायझंटाईन (म्हणजे पूर्व रोमन) या ख्रिस्ती साम्राज्याच्या सम्राटांच्या साहाय्याने ते पुन्हा उभे राहिले आणि पश्चिमेकडील यात्रेकरूंची रीघ वाढतच गेली. १०७१ मध्ये मांझिकर्ट येथे सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलान याने बायझंटाईन सम्राट चौथा रोमानोस यास कैद केले, आणि पुढील काळात आशिया मायनरचा (आजच्या तुर्कस्तानचा) मोठा भाग तुर्कांच्या हाती गेला. येथे मात्र प्रश्नाचे उत्तर बदलते, कारण १०७४ मध्ये पोप सातवा ग्रेगरी याने पूर्वेकडे सैन्य नेण्याची योजना खरोखरच मांडली होती. जर्मन राजा चौथा हेन्री याच्याशी जडलेल्या संघर्षात ती मागे पडली. म्हणजे कल्पना आधीपासून होती, उणीव अनुकूल परिस्थितीची होती.

ती परिस्थिती कशी जुळून आली, हे पाहण्यासाठी १०८५ ते १०९५ या दशकाचा कालपट स्वतः तयार करावा. १०८५ मध्ये कॅस्टीलच्या सहाव्या अल्फोन्सोने स्पेनमधील टोलेडो मुस्लिमांकडून घेतले. १०९१ पर्यंत नॉर्मनांनी मुस्लिमांकडून सिसिली पूर्ण जिंकली. १०९२ मध्ये वजीर निजाम-उल्-मुल्क याची हत्या झाली, पाठोपाठ सुलतान मलिकशाह मरण पावला आणि सेल्जुक साम्राज्यात वारसायुद्धे पेटली. मार्च १०९५ मध्ये पिआचेंझा येथील धर्मसभेत बायझंटाईन सम्राट पहिला अलेक्सियोस याच्या दूतांनी लष्करी मदत मागितली. त्याला भाडोत्री सैनिकांची कुमक हवी होती. स्वतंत्र नेत्यांच्या अवाढव्य फौजा त्याने मागितल्या नव्हत्या. अर्बनला तर तिसरा क्लेमेंट या प्रतिपोपाचे (पोपपदावर दावा सांगणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचे) आव्हान होते, त्यामुळे साऱ्या ख्रिस्ती जगताचे नेतृत्व करण्याची ही संधी त्याच्या दृष्टीने मोलाची होती.

सामान्य सहभागींच्या हेतूंविषयी लिहिताना अधिक सावध राहावे. जमिनीविना राहिलेले धाकटे मुलगे लुटीसाठी निघाले, हे स्पष्टीकरण वर्षानुवर्षे सांगितले गेले. मठांच्या दप्तरांतील दानपत्रे आणि गहाणखते पाहिली की ते फारसे टिकत नाही, कारण सरदारांना या प्रवासासाठी प्रचंड खर्च करावा लागत असे. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट याने १०९६ मध्ये आपले अख्खे राज्य चांदीच्या १०,००० मार्कांसाठी (मार्क हे त्या काळचे चलनमान) भाऊ विल्यम रूफस याच्याकडे गहाण ठेवले. तथापि, भक्तीचा हा पुरावा वाचून भारावूनही जाऊ नये. त्याच वर्षी ऱ्हाईनकाठच्या वर्म्स आणि माइन्झ या नगरांत धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ज्यूंची कत्तल केली. या कत्तलीला तळटीपेत ढकलणारे विवेचन अपुरे आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

शेवटी मुस्लिम साधनांकडे यावे. दमास्कसचा अल्-सुलमी याने ११०५ मध्ये जिहादविषयक ग्रंथात सिसिली, स्पेन आणि सीरिया येथील आक्रमणे एकाच साखळीत गुंफली. इब्न अल्-अथीर या पुढील शतकातील इतिहासकारानेही आपल्या कथनाची सुरुवात टोलेडोपासून केली. ही साधने वाचताना ‘मुस्लिम’ ही एकच बाजू गृहीत धरू नये. सुन्नी सेल्जुक आणि शिया फातिमी यांचे वैर इतके तीव्र होते की, धर्मयुद्धाचे सैन्य सीरियात असताना, १०९८ मध्ये, फातिमींनी तुर्कांकडून जेरुसलेम हिसकावून घेतले. त्यामुळे १५ जुलै १०९९ रोजी तटावर लढणारे सैन्य इजिप्तचे होते, आणि अलेक्सियोसने ज्यांच्याविरुद्ध मदत मागितली होती, त्या तुर्कांशी ते स्वतःच आदल्या वर्षी लढले होते.