सोसायटीच्या वाफ्यात टोमॅटो लावताय? आधी या चुका टाळा

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत मागे पडीक जागा होती तिथे आता वाफे केलेत, ज्याला हवा त्याला एक, आणि दिवाळीच्या आसपास बघावं तो टोमॅटोच लावतो. पहिल्या वर्षी माझे निम्मे टोमॅटो खालून काळे निघाले. वरून मस्त लालबुंद, उलटं केलं की रुपयाएवढा काळा चामड्यासारखा डाग. मला वाटलं बुरशी, औषध आणून फवारलं, ढिम्म फरक नाही, कारण तो रोगच नव्हता.

झालं असं की सकाळी मी पाणी घालायचो, संध्याकाळी शेजारच्या काकू पाइप फिरवता फिरवता प्रेमाने माझ्याही वाफ्यात सोडायच्या आणि शनिवार-रविवार दोघंही गायब. कधी नुसता चिखल, कधी भेगा. पाणी असं कमीजास्त झालं की मातीत कॅल्शियम असूनसुद्धा फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि तिथे काळा डाग पडतो. लोक अंड्याची टरफलं टाकतात, टाका बापडे, पण ती विरघळायला इतका वेळ लागतो की या सीझनला उपयोग शून्य. त्यापेक्षा काकूंशी बोला! आम्ही वाफ्यात एक काठी रोवलीये, ज्याने पाणी घातलं त्याने चिंधी बांधायची. दुसऱ्या दिवशी दोन पेरं बोट मातीत खुपसायचं, ओल लागली तर पाणी नाही. वरून वाळका पालापाचोळा पसरा. आणि डाग पडलेलं फळ फेकू नका, काळं कापून उरलेलं कोशिंबिरीत चालतं.

वाफा ताब्यात घेताना आधीच्या माणसाला विचारा काय लावलं होतं. वांगी, मिरची, बटाटा असेल तर टोमॅटो दुसरीकडे लावा, सगळं एकाच खानदानातलं, मातीतले बरेच रोग सामाईक. दोन रोपांत दीड-दोन फूट सोडाच, चार रोपांच्या जागेत दहा कोंबली की वारा खेळत नाही, पानं ओली राहतात आणि करपा येतो.

पानं आकसून वर वळली, रोप खुजं राहिलं तर तो चुरडा-मुरडा, म्हणजे व्हायरसचा रोग, पांढऱ्या माशीमुळे पसरतो. औषधाने रोप बरं होत नाही, उपटायचंच. आणि नुसतं उपटू नका, आधी वरून पिशवी घाला, नाहीतर माश्या उडून शेजारच्या वाफ्यात आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर महाभारत. पुढच्या वेळी अर्का रक्षक मिळालं तर बघा, बंगळुरूच्या संस्थेने काढलेलं वाण आहे, या व्हायरसला बऱ्यापैकी दाद देत नाही.

अजून एक, तंबाखू मळलेल्या हाताने बगलफूट (पानाच्या बेचक्यात फुटणारे कोंब) खुडू नका. हसताय, पण तंबाखूतला मोझॅक व्हायरस हातावरून टोमॅटोला लागतो. साबणाने हात धुवा मग या.

एप्रिलमध्ये फुलं गळायला लागली की सगळे युरियाकडे धावतात. दिवसा ३५ अंशांच्या वर गेलं की फूल टिकत नाही हो, खताने फक्त पाला वाढतो. तेव्हा रोपं काढा आणि भेंडी लावा.