आधी घोडा खरा हवा, मग भूत : वेस्टर्न प्रेमकथा लिहिताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या वेस्टर्न, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम अमेरिकेत घडणाऱ्या, कथेची सुरुवात अशी होती : साल १८६७, टेक्सास. हात वर करून उभी असलेली उंच निवडुंगं, वाऱ्यावर गडगडत जाणारं काटेरी झुडूप आणि सहाच्या सहा गोळ्या भरलेलं पिस्तूल कमरेला लावून येणारा नायक. तीन गोष्टी, तिन्ही चुकीच्या. तसलं निवडुंग, म्हणजे सग्वारो, मुख्यतः दक्षिण अ‍ॅरिझोनात आणि मेक्सिकोच्या सोनोरात उगवतं, टेक्सासात नाही. ते गडगडणारं झुडूप मूळचं रशियाकडचं. जवसाच्या बियाण्यात मिसळून ते १८७०च्या दशकात डाकोटात आलं आणि तिथून पसरलं. आणि रोज पिस्तूल बाळगणारा शहाणा माणूस सहावा खाना रिकामा ठेवायचा. घोडा त्याच खान्यावर टेकलेला असतो, धक्का लागला की बार आपल्याच पायात. (हा घोडा पिस्तुलाचा. मराठीत वेस्टर्न लिहायची हीसुद्धा एक गंमत आहे.)

कथा भुताची होती. वाचायला दिली ती मैत्रीण टेक्सासातल्या ह्यूस्टनला चार वर्षं राहून आलेली. भुताबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. म्हणाली, "अगं, हे निवडुंग तिकडे नसतं." पुढची वीस पानं तिने नुसती चाळली. तेव्हा कळलं की वाचक एका न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायला एका पायावर तयार असतो, पण त्याच्या बदल्यात दिसणारी प्रत्येक गोष्ट चोख मागतो.

गेली काही वर्षं मी अशा, भूत असलेल्या वेस्टर्न प्रेमकथा लिहिते आणि इतरांच्या तपासूनही देते. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून हा लेख.

"वेस्ट" नावाचं गाव नाही

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ठिकाण आणि साल न ठरवता लिहायला बसणं. कॅलिफोर्नियातली सोन्याची खाण, टेक्सासातून कॅन्ससकडे गुरं हाकणारे काउबॉय आणि नेब्रास्काच्या गवताळ माळावरचा शेतकरी ही तीन वेगळी जगं आहेत. १८६९च्या मे महिन्यात युटातल्या प्रोमॉन्टरीला रेल्वेचे दोन रूळ जोडले गेले. त्याआधी नायिका पूर्वेकडून आली तर बैलगाडीने कित्येक महिन्यांनी पोचते, नंतर आली तर आठवड्याभरात. एवढ्या एका तारखेने अख्खं कथानक बदलतं.

उदाहरणासाठी १८७०च्या दशकातला नेब्रास्का घेऊ, कारण तिथे हा प्रकार सर्वांत जास्त बिघडतो. लिहिणारे सरसकट लाकडी दुमजली घर उभं करतात. तिथे झाडं फक्त नदी-ओढ्यांच्या काठाला. म्हणून नव्याने आलेली माणसं घर बांधायची ते गवताच्या मातीचं. नांगराने उलथलेली गवताची सलग पट्टी फावड्याने तोडायची आणि ते ठोकळे गवताची बाजू खाली करून विटांसारखे रचायचे. मुळांच्या जाळ्यामुळे माती सुटत नाही. भिंत दोन-अडीच फूट जाड, आत बहुधा एकच खोली, साधारण १६ बाय २० फुटांची. छतही त्याच मातीचं. त्यातून माती पडायची, किडे पडायचे, कधी साप पडायचा, म्हणून खालून मांजरपाटासारखं कापड ताणून बांधायचे. पाऊस थांबला तरी छत पुढे दोन-तीन दिवस गळत राहायचं. आणि चुलीत काय, तर रानात वाळलेलं बायसनचं शेण. आजीला गोवऱ्या थापताना पाहिलेल्या वाचकाला हे एक वाक्य त्या घरात नेऊन बसवतं.

आता या घरात भूत आणायचंय. दार करकरलं, जिना वाजला, झुंबर हललं, हे सगळं बाद, कारण जिनाही नाही आणि झुंबरही नाही. मग भुताने करायचं काय? ताणलेल्या कापडावर माती पडतेच आहे. रोजचं आहे, तिकडे कुणी लक्षही देत नाही. एका रात्री ती पावलापावलाच्या अंतराने पडते. आधी दारावर, मग चुलीवर, मग बिछान्यावर, आणि तिथे थांबते. छताची माहिती नसती तर हे मला सुचलंच नसतं.

तसाच दोर. हिमवादळात हातभर अंतरावरचं दिसत नाही, म्हणून घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधायची पद्धत होती. त्याला धरून जायचं आणि धरून यायचं. १२ जानेवारी १८८८च्या वादळात शाळेतून घरी निघालेली मुलं वाटेतच गोठून मेली, इतकी ती गोष्ट जिवाची. नायिका दोर धरून गोठ्याकडून परत येतेय आणि घरात कुणी नसताना घराकडच्या टोकाने दोर दोनदा ओढला जातो, एवढं लिहिलंत तरी पुरे. पांढरी साडी नेसलेल्या बाईची, माफ करा, पांढऱ्या झग्यातल्या बाईची गरज नाही.

बाराचे ठोके कुणाच्या घड्याळात?

काळाच्या चुका बारीक असतात, पण तासन् तास टोचतात. त्या मी भराभर सांगते.

अमेरिकेत रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ आणली १८ नोव्हेंबर १८८३ला. त्याआधी सूर्य डोक्यावर आला की त्या त्या गावाचे बारा. दोन गावांत "बरोबर मध्यरात्री, एकाच क्षणी" भूत दिसलं असं लिहिलंत तर आधी घड्याळांचं भांडण मिटवा. विजा बोर्डचं, म्हणजे भुताकडून उत्तरं मागायच्या अक्षरांच्या पाटीचं, पेटंट १८९१चं आहे. १८७५च्या बैठकीत तो नको, तेव्हा प्लँचेट होतं. नाहीतर कुणीतरी मुळाक्षरं म्हणत जायचं आणि हव्या अक्षराला टेबलावर ठक वाजायचं. ही ठकठक सुरू झाली १८४८मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिलच्या फॉक्स बहिणींपासून. पुढे १८८८मध्ये त्यांच्यातल्या मार्गारेटने हे सगळं थोतांड असल्याची कबुली दिली. तरी लोक सोडायला तयार नव्हते, कारण यादवी युद्धात सहा लाखांहून जास्त माणसं गेली होती आणि कित्येक घरांना आपल्या मुलाचं प्रेतही मिळालं नव्हतं. तुमच्या कथेतली बाई प्लँचेटला बसते ती याच कारणाने, गंमत म्हणून नव्हे.

बंदुकीचं एवढंच लक्षात ठेवा की तेव्हाची दारू भरपूर धूर करायची. बंद सलूनमध्ये, म्हणजे गुत्त्यात, पाच-सहा बार झाले की नायकाला समोरचा माणूस धड दिसणार नाही. जिवंत घोडासुद्धा दिवसभर चौखूर उधळत नाही. तो चालतो, दुडकतो, दमतो, आणि दिवसाला किमान वीस-पंचवीस लिटर पाणी मागतो.

भूत कुठल्या गावचं?

इथे जरा थांबू, कारण मराठी लेखक घसरतो तो इथेच, आणि खरं तर त्याला इथेच फायदा आहे.

आपल्या भुतांना जातकुळी असते. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. समंधाचा जीव इस्टेटीत अडकलेला. हडळीची पावलं उलटी. कोण, कशाने मेलं, कुठे राहतं, काय मागतं, हे ऐकणाऱ्या पोराला आधीच ठाऊक असतं, म्हणून तर भीती वाटते. पण नेब्रास्कात भूत नेताना हेच लेखक सगळे नियम घरी ठेवून जातात. भूत हवं तेव्हा दिसतं, हवं तेव्हा नायकाला वाचवतं, आणि लेखकाला कंटाळा आला की मुक्त होतं.

दुसरं टोक म्हणजे मुंजालाच टोपी घालून टेक्सासात नेणं. तेही नको. भुतंही माणसांबरोबर स्थलांतर करतात. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले खाणकामगार कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅलीला आले, तेव्हा खाणीतले ठकठक करणारे बुटके, टॉमीनॉकर, त्यांच्याबरोबर आले. दगड कोसळण्याआधी ते भिंतीवर ठोकून सावध करतात अशी समजूत होती, म्हणून कामगार आपल्या डब्यातल्या सारण भरलेल्या करंजीची कड त्यांच्यासाठी टाकायचे. न्यू मेक्सिकोत नदीकाठी रडते ती ला योरोना, आपली मुलं पाण्यात बुडवलेली आई, आणि तिच्या गोष्टी स्पॅनिश बोलणाऱ्या घरांत सांगितल्या जातात. तुमचा नायक कुठून आलाय ते ठरवा. त्याचं भूत त्याच्याच बोचक्यातून येईल.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते : मूळ रहिवाशांचे विधी भुताच्या सजावटीला वापरू नका. नावात "घोस्ट" आहे म्हणून घोस्ट डान्स भयकथेत घालणारे मी पाहिलेत. पायूट जमातीच्या वोवोकाने सांगितलेली ती प्रार्थना होती, उद्ध्वस्त झालेल्या लोकांची. त्या चळवळीच्या धास्तीने लष्कर आलं आणि २९ डिसेंबर १८९०ला साउथ डाकोटातल्या वूंडेड नीला लाकोटा जमातीची माणसं बायका-मुलांसकट मारली गेली. नावाहो लोकांच्या ज्या चेटक्यांबद्दल ते स्वतःही परक्यांशी बोलायचं टाळतात, त्यांना तर खलनायक करूच नका. "रिकामी" जमीन रिकामी नव्हती, हे मात्र कथेत यायला हवं. नेब्रास्कातल्या पॉनी जमातीच्या लोकांना १८७०च्या दशकात दक्षिणेला, तेव्हाच्या इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, जावं लागलं. नांगराला जुन्या घराचा काळवंडलेला मातीचा थर लागला आणि नायिका गप्प झाली, एवढं पुरतं.

"तुम्ही" कधी सुटतं?

इंग्रजीत जे करताच येत नाही ते मराठीत फुकट मिळतं, आणि आपण ते वाया घालवतो. पहिल्याच भेटीत नायक-नायिका एकमेकांना अरे-तुरे करतात. त्या काळी माणसं महिनोन् महिने मिस्टर-मिसेस म्हणायची. मग "तुम्ही" धरून ठेवा. अख्खी प्रेमकथा त्या एका शब्दावर तोलता येते.

एका हस्तलिखितातला मूळ मजकूर असा होता : "ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या हृदयात वीज चमकली. 'थांब ना रे,' ती म्हणाली."

प्रसंग विधवेच्या शेतावरचा. नवरा वारलाय, त्याचं भूत घरात आहे आणि कामाला ठेवलेला गडी गोठ्यात झोपतो. एका खोलीच्या घरात परका पुरुष झोपला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. लेखिका आणि मी, आम्ही दोघींनी बसून तो असा केला :

"तुम्ही जेवून जा," ती म्हणाली.

त्याने टोपी हातात फिरवली. "वारा वाढतोय. गुरं बघून येतो."

दार लागलं. चुलीकडे पाठ करून ती रिकाम्या खुर्चीला हळूच म्हणाली, "बघितलंस? हाही तुझ्यासारखाच. आधी गुरं."

जिवंत माणसाला "तुम्ही", मेलेल्याला "तू". ज्या पानावर हे उलट होईल, ते तुमच्या कथेचं शिखर. नवऱ्यासाठी "अहो" मात्र टाळा. त्या दोन अक्षरांबरोबर अख्खा वाडा, माजघर, तुळशीवृंदावन येऊन उभं राहतं.

शब्दांची अडचण आली तर पंडिता रमाबाईंचं "युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त" काढा. त्या १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या आणि पुस्तक १८८९चं. तिथलं जगणं मराठीत पकडताना त्यांनी कुठे परका शब्द तसाच ठेवला, कुठे आपला घातला, ते बघण्यासारखं आहे.

वाचक भुताच्याच प्रेमात पडला तर?

ही तक्रार मला सगळ्यात जास्त येते. मेलेला नवरा घोरत नाही, चिडत नाही, उशिरा येत नाही. त्याच्यापुढे घामेजलेला गडी फिका पडणारच. उपाय म्हणून लोक भुताला दुष्ट करतात. मग ती इतकी वर्षं त्याच्यासाठी रडली कशाला, हा प्रश्न येतो.

मी भुताला दुष्ट करत नाही, त्याच्या नावावर कर्ज लावते. त्याने बैलजोडी गहाण टाकली होती आणि बायकोला सांगितलं नव्हतं. माणूस चांगला, पण ही गोष्ट लपवली. आता ती सांगितल्याशिवाय त्याला जाता येत नाही आणि सांगितली तर तिचं प्रेम जाईल ही भीती. असा समंध आपल्या वाचकाला लगेच कळतो. गड्याला मग कविता म्हणायची गरज उरत नाही. तो सावकाराचा कागद तिच्यापुढे ठेवतो आणि वाचून दाखवतो, बस.

शेवट जमत नसेल तर जमिनीचा कायदा उघडा, मला तरी तिथेच शेवट सापडला. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळायचे, पाच वर्षं राहून आणि कसून दाखवल्यावर. अविवाहित बाईला, विधवेला स्वतःच्या नावाने अर्ज करता यायचा, आणि नवरा मधेच गेला तर त्याचा दावा विधवेला पुरा करता यायचा. हे कळल्यावर तिला "काळाच्या पुढची" बंडखोर करायची गरज राहत नाही, कायद्यानेच तिला उभं राहायला जागा दिलीय. दगड नसलेल्या माळावर मोजणीवाले जमिनीच्या कोपऱ्याला मातीचा उंचवटा आणि बाजूला खड्डे करून खूण ठेवत. ती खूण शेजाऱ्याने नांगरून टाकली असेल तर जागा कुणाला माहीत? जो पाच वर्षांपूर्वी मोजणीच्या वेळी तिथे उभा होता त्याला. भुताला काम मिळालं.

पण जमीन नावावर करताना सरकारी लँड ऑफिसात दोन विश्वासू साक्षीदार लागायचे. एक तो गडी झाला. दुसऱ्या जागी भूत चालत नाही. तेव्हा तिसऱ्या प्रकरणात ज्या शेजारणीशी तिचं सरपणावरून भांडण लावलंत, तिच्याकडे नायिकेला पाठवा, आणि जाताना हातात काहीतरी खायचं द्या.