मायक्रोग्रॅमपासून टनापर्यंत: शून्यं न चुकवता हिशेब कसा करावा

मिठाच्या पुडीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: आयोडीन किमान १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५ भाग. मोठ्या माणसाला आयोडीन लागतं दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. आणि मिठागरातून मीठ निघतं ते टनांनी. या तीन आकड्यांचा मेळ घालता आला की वजनाचं कुठलंही रूपांतर जमेल, म्हणून हेच उदाहरण घेऊ.

आधी शिडी मांडा. मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅम, ग्रॅम, किलोग्रॅम, टन. दर पायरी आधीच्या पायरीच्या हजारपट. खालून वर जायला चार पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणजे बारा शून्यं: १ टन = १० चा १२ वा घात इतके मायक्रोग्रॅम. बोलीत सांगायचं तर एक लाख कोटी.

शाळेत पाठ केलेले डेसिग्रॅम, हेक्टोग्रॅम वगैरे खुशाल विसरा, व्यवहारात ते कोणी विचारत नाही. क्विंटल मात्र विसरून चालणार नाही, कारण बाजार समितीतला भाव त्यातच निघतो. तो १०० किलोचा, त्यामुळे हजाराच्या शिडीत बसत नाही. क्विंटल दिसला की आधी त्याचे किलो करा, मग पुढचं.

मग दिशा ठरवा. शून्यं मोजण्यापेक्षा जास्त चुका इथे होतात. लहान एककातून मोठ्यात जाताना आकडा लहान होतो, दशांशचिन्ह डावीकडे सरकतं. उलट जाताना उजवीकडे. दर पायरीला तीन घरं. थायरॉइडच्या गोळीवर ५० एमसीजी लिहिलेलं असतं, ते ५० मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅममध्ये ०.०५. हेच कोणी ५० मिलिग्रॅम वाचलं तर डोस हजारपट झाला. औषधाच्या बाबतीत म्हणूनच घाईत हिशेब करू नये, औषध देणाऱ्याला विचारावं.

शून्यं तीन-तीनच्या गटात लिहा. आपले स्वल्पविराम लाख-कोटीच्या चालीने पडतात: १०,००,०००. शिडी मात्र तीन-तीन शून्यांची. त्यामुळे आकडेमोड चालू असताना १ ००० ००० असं मोकळी जागा सोडून लिहा आणि लाख-कोटीत वाचायचं काम शेवटी करा. एवढ्याने निम्मा गोंधळ संपतो.

आता प्रत्यक्ष करून पाहू. देशाची लोकसंख्या ढोबळमानाने १४० कोटी धरली, तर सगळ्यांना मिळून वर्षाला किती आयोडीन लागेल? (मुलांना कमी लागतं आणि गरोदर बायकांना जास्त, तो तपशील इथे सोडून देऊ.)

१. एका माणसाचं वर्षाचं: १५० × ३६५ = ५४,७५० मायक्रोग्रॅम.
२. दोन पायऱ्या वर, ग्रॅममध्ये: ०.०५४७५ ग्रॅम.
३. गुणिले १४० कोटी: ७ कोटी ६६ लाख ५० हजार ग्रॅम.
४. आणखी दोन पायऱ्या, म्हणजे सहा घरं डावीकडे: ७६.६५ टन.

अख्ख्या देशाची वर्षाची गरज चार-पाच मालट्रकांत मावली! गुणाकार ग्रॅमवर येऊन केला, हे लक्षात आलं असेल. टोकाच्या एककात गुणाकार केला की शून्यांची रांग लागते. मधल्या पायरीवर थांबलं की आकडे हाताळण्याजोगे राहतात.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १५० भागिले दहाचा बारावा घात केलं, तर १.५ च्या पुढे ई आणि -१० असं काहीसं दिसतं. घाबरू नका. दशांशचिन्ह दहा घरं डावीकडे न्या, एवढाच त्याचा अर्थ: ०.०००००००००१५ टन.

पीपीएमला तर शिडी चढावीच लागत नाही. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग. १५ पीपीएम म्हणजे टनात १५ ग्रॅम, किलोत १५ मिलिग्रॅम, ग्रॅममध्ये १५ मायक्रोग्रॅम. दोन्ही एककं एकदमच खाली उतरतात, म्हणून आकडा जागचा हलत नाही. या मिठाच्या १० ग्रॅममध्ये आयोडीन भरतं बरोबर १५० मायक्रोग्रॅम. फोडणीत आणि साठवणुकीत थोडं उडतं ते वेगळं. (म्हणून मीठ वाढवायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमीच खा म्हणते.)

टनाच्या वर किलोटन, मेगाटन, गिगाटन. नियम तोच, पायरी हजाराचीच. कार्बन उत्सर्जनाच्या बातम्यांत गिगाटन येतो, तो १०० कोटी टनांचा.

आता उलटा हिशेब. २० टन मिठाच्या ट्रकात १५ पीपीएमने आयोडीन किती? २० × १५ = ३०० ग्रॅम. मिठात प्रत्यक्ष मिसळतात ते पोटॅशियम आयोडेट, आणि त्याच्या वजनात आयोडीन सुमारे ५९ टक्के असतं. ३०० भागिले ०.५९ केलं की उत्तर येतं सुमारे ५०८ ग्रॅम. म्हणजे ट्रकभर मिठाला अर्ध्या किलोच्या आसपास पावडर.