लिहायला बसता, पण दिशा सापडत नाही? या चुका टाळा

हौस आहे, वही आहे, आठवड्यातून एखादी संध्याकाळही मोकळी मिळते. तरी पाच-सहा लेख झाले की हात थांबतो. ‘आता पुढं काय? आणि हे सगळं कशासाठी?’ नागपुरातल्या लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून हे सतत ऐकतो. बहुतेकांचा विषय संपलेला नसतो. तो वहीतच पडून असतो, त्याच्याकडे कुणी वळून पाहिलेलं नसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उद्देश आधी ठरवायला बसणं. ‘समाजप्रबोधन’, ‘स्वतःचा शोध’ असं काहीतरी पहिल्या पानावर लिहून ठेवलं की पुढचं प्रत्येक पान त्या मापात बसवावं लागतं. ते बसत नाही आणि मग लिहिणंच बंद पडतं. उलटं करा. आजवर लिहिलेलं सगळं समोर घ्या आणि प्रत्येक लेखाखाली एका ओळीत उत्तर द्या: यातली कोणती गोष्ट माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती? उत्तरच सुचत नसेल, तर तो लेख सरळ बाजूला ठेवा.

एका मैत्रिणीनं हे केलं. पाककृती, प्रवास, मुलांचे अभ्यास, आपण असंच सटरफटर लिहितो, अशी तिची समजूत होती. ओळी लिहायला घेतल्या, तर दर दोन-तीन लेखांआड एम्प्रेस मिलचा भोंगा सापडला. डब्याच्या भाजीवरच्या लेखात वडिलांची पहिली पाळी होती. सहलीच्या लेखात ‘बाबांना सुटी मिळाली नाही’ हे वाक्य होतं. जमशेदजी टाटांची ही मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली, आणि गांधीसागर तलावाजवळच्या तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. एवढं कुणालाही शोधून मिळेल. पण ज्या घरातला स्वयंपाक भोंग्यावर चालायचा, तिथं मिल बंद पडल्यावर आई कणीक किती वाजता भिजवायला लागली, हे फक्त तिलाच माहीत होतं. तिथून तिला रस्ता मिळाला: मिल बंद झाल्यानंतरचं घर. आता ती आईच्या शिवणकामावर लिहिते, थोरल्या भावाच्या पहिल्या नोकरीवर लिहिते, आणि पाककृतीही लिहिते. सगळं एकाच घरातलं असल्यामुळं एक लेख दुसऱ्याला धरून राहतो.

दुसरी चूक आपल्याकडे फारच होते. बाहेरचे लोक ज्या नागपूरला ओळखतात, तेच आपणही लिहून काढतो: संत्री, तर्री पोहे, सावजी, ऊन. ‘नागपूरचा उन्हाळा म्हणजे भट्टी’ हे वाक्य कधीही इथं न आलेला माणूससुद्धा लिहू शकतो. पारा 45 च्या वर जातो हे लोक बातम्यांत वाचतातच. तुम्ही कूलर उघडा. जुन्या ताट्या काढल्या की वाळ्याचा काळपट चुरा अंगणभर पडतो, जाळीवर खाऱ्या पाण्याचा पांढरा थर चिकटलेला असतो. तो कोण खरवडतं, पाण्याचा पंप चालतो की नाही हे कोण वाकून बघतं, आणि पहिला गार झोत आला की समोरची जागा कोण पकडतं, एवढंच लिहा. घरातली सगळी माणसं त्यात आपोआप येतात.

मारबतीचंही तसंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, हे दरवर्षी छापून येतं. त्या मिरवणुकीत चालू प्रश्नांवर टीका करणारे पुतळेही असतात, त्यांना बडगे म्हणतात. यंदा कोणता बडग्या कोणत्या प्रश्नावर होता, आणि तो बघून तुमच्या गल्लीतले लोक काय बोलले, ते त्याच संध्याकाळी टिपून ठेवा. चार वर्षांच्या अशा नोंदी एकत्र वाचल्या, तर वस्तीला कशाचा राग येत होता ते कळतं.

‘सगळ्यांसाठी’ लिहू नका. एक वाचक धरा: पुण्यात वाढलेली भाची, किंवा मिल कधीच न पाहिलेला मुलगा. मग काय समजावून सांगायचं आणि काय सोडून द्यायचं, याचा घोळ होत नाही.

भाषेबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, हरकत नाही. पण बाबा ‘भोंगा झाला, ऊठ नं वो’ म्हणायचे, तर तसंच उतरवा. ‘जेवून रायलो’ पुसून ‘जेवत आहे’ घातलं की ते बाबा राहत नाहीत. आपली बोली लेखात आणायला अजून अनेकांना संकोच वाटतो, आणि त्या संकोचापायी किती घरांचं बोलणं लिहिलं जाण्याआधीच हरवतंय.

आठवणी आटल्यासारख्या वाटल्या तर टेबलाशी बसून राहू नका. बाबांच्या पाळीतल्या कुणा काकांकडे जा. ‘तेव्हा कसं होतं?’ असं विचारलं तर ‘चांगलं होतं’ एवढंच उत्तर येईल. ‘पगाराच्या दिवशी घरी काय घेऊन जायचे?’ असं विचारा. मग ते तासभर बोलतील.

आणि घरातल्या माणसाचं दुखणं, कर्ज किंवा भांडण लिहिताना नुसतं नाव बदलून भागत नाही. महाल-इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांत दोन ओळींवरून माणूस ओळखला जातो. लेख बाहेर जाण्याआधी त्या माणसाला पूर्ण वाचून दाखवा, आणि तो ‘हे नको’ म्हणाला तर तो भाग काढून टाका.