जुनी गिअरची सायकल घेताय? फोर्क बघताना या चुका टाळा

२०२० च्या लॉकडाऊननंतर गिअरच्या सायकली घ्यायची लाट आली होती. त्यातल्या कितीतरी सायकली आता बेळगावात टिळकवाडी, शहापूर, वडगावातल्या गच्च्यांवर आणि जिन्याखाली धूळ खात पडल्यात आणि एकेक करून विकायला निघतायत. घेणारी मुलं कॉलेजातली, नाहीतर नुकती नोकरीला लागलेली. डोक्यात राजहंसगडाचा चढ किंवा जांबोटीचा रस्ता असतो. ओळखीतलं कुणी ना कुणी मला सायकल बघायला सोबत नेतं, आणि दर वेळी तेच दिसतं. मुलगा गिअर मोजतो, टायर दाबतो, रंगावरून हात फिरवतो आणि शेवटी हँडलवर दोनदा जोर देऊन म्हणतो, "शॉकअप मऊ आहे की, मस्त!" लगेच हात खिशात.

अहो, थांबा. चेन, टायर, ब्रेकपॅड, गिअरच्या केबल हे सगळं बेळगावात मिळतं आणि तासाभरात बदलून होतं. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्के झेलणारा भाग, ज्याला ही मुलं शॉकअप म्हणतात, तो मात्र बिघडलेला निघाला, तर जुन्या सायकलीसाठी मोजलेल्या पैशांतले निम्मे तोच खाऊ शकतो. म्हणून तो सगळ्यात आधी बघायचा, आणि किमतीची गोष्ट काढायच्याही आधी.

चकाकणाऱ्या रॉडवर भाळणं

फोर्कच्या वरच्या दोन चकचकीत नळ्यांना स्टॅन्शन म्हणतात. आपल्याकडे मेकॅनिक त्यांना सरळ रॉड म्हणतात. हे रॉड खालच्या जाड पायांत आत-बाहेर होतात आणि जिथे आत शिरतात, तिथे रबरी सील असतात. सगळा खेळ या दोन-तीन इंचांत आहे.

विकणारा काय करतो? तुम्ही यायच्या आधी रॉडवर तेल चोळतो, नाहीतर डब्ल्यूडी-४० मारतो. रॉड आरशासारखे चमकतात, चार वेळा दाबलं की फोर्क लोण्यासारखा चालतो. डब्ल्यूडी-४० ग्रीस पातळ करून धुऊन काढतं. सीलमधून झिरपलं की आतलं वंगण जातं आणि बाहेरच्या ओलसर थरावर धूळ चिकटते. खानापूर भागातली तांबडी माती कशी असते हे मी सांगायला नको. ती सीलच्या ओठाला बसली की पुढची प्रत्येक हालचाल रॉडला घासते. शिवणयंत्राचं तेल, गाडीचं इंजिन ऑइल, खोबरेल, सगळे प्रकार मी बघितलेत. हा झटपट उपाय मला मनापासून खटकतो. दहा मिनिटांच्या चमकेसाठी पुढच्या माणसाचा फोर्क मारायचा, ही कसली विक्री?

माझ्या पिशवीत जुन्या धोतराचा पांढरा तुकडा असतो. आधी रॉड पूर्ण पुसून कोरडे करतो, मग फोर्क बऱ्याचदा खोलवर दाबतो आणि पुन्हा बघतो. रॉडवर तेलाचा अगदी पातळ पापुद्रा आला तर ते ठीक, तसा यायलाच हवा. काळं, जाड कडं उमटलं किंवा तेल ओघळलं, तर सील गेलेत. काहीच आलं नाही आणि फोर्क घासल्यासारखा, अडखळत खाली गेला, तर आत वंगण उरलेलं नाही. गच्चीवर पडून राहिलेल्या सायकलीत हे फार दिसतं. "कमी चालवलीय" म्हणजे फोर्क चांगला, असं समजू नका.

त्यानंतर अंगठ्याचं नख रॉडवरून वरून खाली, चारी बाजूंनी फिरवा. मागची बाजू विसरू नका, झीज बहुतेक तिथेच सुरू होते. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे. तो अगदी वर, सील कधी पोचत नाही अशा जागी असेल तर सोडून द्या. सीलच्या वाटेत असेल तर प्रत्येक धक्क्याला तेल बाहेर आणि माती आत. तांबूस डाग दिसला की घाबरू नका, पण सोडूही नका. ओल्या फडक्याने पुसा. माती असेल तर फडक्यावर येईल. गंज असेल तर खाली बारीक खड्डे राहतील, आणि ते नखाला लागतात.

उद्यमबागेत काम करणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडवर ओरखडा आला की सील टिकत नाही, हे तो रोज बघतो. पण तिथलीच मंडळी कधीकधी म्हणतात, "रॉड काढून हार्ड क्रोम मारून आणतो की." फोर्कचे रॉड क्राउनमध्ये, म्हणजे वर दोघांना जोडणाऱ्या तुकड्यात, दाबून बसवलेले असतात, ते सुटे निघत नाहीत. बरेचसे अ‍ॅल्युमिनियमचे असतात, वर अ‍ॅनोडायझिंगचा कडक थर. क्रोम चढवून जाडी थोडी जरी बदलली तरी बुशिंगमध्ये, म्हणजे रॉड ज्यांत सरकतात त्या पायांतल्या कड्यांत, अडकतात. हा नाद करू नका.

ब्रेक मारल्यावरचा टक्-टक् आवाज "हेडसेट लूज" म्हणून सोडून देणं

हेडसेट म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ती बेअरिंगं. येळ्ळूरच्या एका मुलाने एक सायकल घेतली. दिसायला झकास, १०० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दाबला जाणारा, स्प्रिंगचा फोर्क. पुढचा ब्रेक मारला की टक् करून आवाज यायचा. घेताना त्याने विचारलं, विकणाऱ्याने सांगितलं, "हेडसेट जरा ढिला आहे, आवळला की झालं." पोरगं खूश. एका दुकानात नेली, त्यांनी वरचा बोल्ट आवळून दिला. आवाज राहिलाच. पुन्हा नेली, पुन्हा आवळला. शेवटी इतका आवळला की बेअरिंगच्या वाटीत गोळ्यांचे खड्डे पडले. हँडल सरळ रेषेत आलं की तिथेच अडकायचं, वळवायला जोर द्यावा लागायचा. राजहंसगडावरून उतरताना वळणावर हँडल वेळेत वळलं नाही आणि पोरगं थेट कडेच्या चरीत. कोपर सोलून निघालं, एवढ्यावर निभावलं.

माझ्याकडे आला तेव्हा दोन मिनिटांत कळलं. हेडसेटचा मूळ दोष नव्हताच. खालच्या पायांतले बुशिंग झिजले होते आणि रॉड आतल्या आत पुढे-मागे हलत होते. आता हेडसेटही गेला होता. एकाच्या जागी दोन खर्च.

हे तपासायला हत्यार लागत नाही, बोट लागतं. पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. दुसऱ्या हाताचं बोट आधी हेडसेटची खालची वाटी आणि फोर्कचा क्राउन यांच्या फटीवर ठेवा. तिथे हालचाल लागली तर प्ले (ढिलेपणा) हेडसेटचा, तो आवळून किंवा बेअरिंग बदलून जातो. मग बोट सीलपाशी, रॉड आत शिरतो तिथे ठेवा. इथे हलत असेल तर बुशिंग. तिसरी जागा ब्रेकची. कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) पॅड जरासे हलतात आणि तसाच टक् आवाज देतात. तो प्रकार निरुपद्रवी आहे.

स्वस्त फोर्क नवा असतानाही किंचित हलतो, ते मी धरत नाही. पण डोळ्यांना दिसेल इतका प्ले असेल तर मी सायकल तिथेच ठेवतो. साध्या फोर्कचे बुशिंग बदलत बसणं परवडत नाही, महागड्याला खास हत्यारं लागतात आणि ती गल्लीच्या दुकानात नसतात. "लेथवर पितळी बुश करून घेतो" म्हणणाऱ्यांनी करून बघितलंय. थोडे दिवस चालतं, मग रॉड खातं.

लॉकआउट लावूनच फोर्क बघणं

उजव्या बाजूच्या नॉबने किंवा हँडलवरच्या खटक्याने फोर्क जाम करता येतो. विकणाऱ्याने तो लावून ठेवला असेल तर फोर्क घट्ट वाटतो आणि काही कळत नाही. आधी उघडा, मग बघा. नंतर लावूनही बघा. लावल्यावर तसाच खाली जात असेल तर लॉकआउट मेलेला आहे. सपाट रस्त्याला तो नसला तरी चालतं, पण किमतीत धरा.

रिबाउंडचा (दाबलेला फोर्क परत वर यायचा वेग ठरवणारा) नॉब असेल तर एका टोकाला फोर्क चटकन वर यायला हवा आणि दुसऱ्या टोकाला सावकाश. काहीच फरक नसेल तर डॅम्पर, म्हणजे हा वेग आवरणारा आतला भाग, गेला. प्रीलोडच्या नॉबला रिबाउंड समजू नका. तो स्प्रिंगला फक्त आधीचा दाब देतो.

हवेच्या फोर्कमध्ये साधा पंप लावणं

स्प्रिंगऐवजी हवा असलेल्या फोर्कला शॉक पंपच, म्हणजे काटा असलेला खास पंपच लागतो. आतली जागा इतकी लहान की टायरच्या पंपाचा अंदाज राहत नाही. शॉक पंप लावल्यावर काट्यावर दाब कमी दिसतो, कारण थोडी हवा पंपाच्या नळीत जाते. काढताना फुस्स होतं, तीही बहुतेक नळीतलीच हवा. नवखे यालाच गळती समजून ओरडतात. खरी गळती बघायची तर विकणाऱ्याला आदल्या संध्याकाळी हवा भरायला सांगा आणि सकाळी जा. तुम्ही सायकलवर नेहमीसारखे बसल्यावर फोर्क ट्रॅव्हलच्या २० ते २५ टक्के खाली बसायला हवा, म्हणजे १०० मिमीला २० ते २५ मिमी. सकाळी त्याहून फार खाली गेलेला दिसला तर सील गेलेत. आणखी एक: वजन नसताना दिसणारा रॉड ट्रॅव्हलपेक्षा कमी भरत असेल, तर दाब बरोबर असूनही आतली हवा चुकीच्या खणात गेलेली असू शकते.

रात्रभर थांबायची तयारी नसलेल्यांनी हवेचा जुना फोर्क घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या, थोडक्यात

फोर्क उलटा बसवलेला. खोक्यातून आलेल्या सायकलींत हे सर्रास दिसतं. पुढच्या डिस्कचा कॅलिपर बसल्यावर डाव्या हाताला आणि पायाच्या मागे हवा. उजवीकडे पुढे दिसला की फोर्क फिरवलेला आहे.

समोरून आदळलेली सायकल. हँडलखालच्या नळीच्या (हेड ट्यूबच्या) खालच्या बाजूला, जिथे तिरका पाइप जोडलेला असतो, तिथे रंगाला सुरकुती किंवा बारीक तडा असेल तर फोर्कही वाकलेला असू शकतो. हात जोडा आणि निघा.

चाक एका बाजूला कललेलं. क्विक रिलीज (हाताने खटका उघडून सुटणारं चाक) असेल तर चाक काढून उलटं लावून बघा. कल बाजू बदलतो तर दोष चाकाचा, त्याच बाजूला राहतो तर फोर्कचा.

"सर्व्हिस केलीय." कुठे, कधी, काय काय? फोर्क बनवणाऱ्या कंपन्यांपैकी रॉकशॉक्स खालच्या पायांची सर्व्हिस ५० तासांना सांगतं, फॉक्स पूर्ण सर्व्हिस १२५ तासांना किंवा वर्षाला. वरून पुसणं आणि सर्व्हिस सेंटरला प्रेशरने धुणं यांना सर्व्हिस म्हणत नाहीत. प्रेशरचं पाणी थेट सीलमधून आत जातं.

"असू दे, नंतर नवा फोर्क टाकू"

हे वाक्य ऐकलं की मी टेप काढतो. २६ इंची जुन्या सायकलीत फोर्कची फ्रेममध्ये जाणारी नळी बहुतेक वरपासून खालपर्यंत २८.६ मिमीची सरळ असते. आता मिळणारे बरेच चांगले फोर्क टेपर्ड, म्हणजे ही नळी खाली रुंद होत ३८.१ मिमी. ते त्या फ्रेममध्ये शिरतच नाहीत. चाकाचा आकार वेगळा, एक्सल वेगळा, ब्रेकची जोडणी वेगळी. कॅम्पातून कोल्हापूर, कोल्हापुरातून पुणे असे फोन सुरू होतात आणि सायकल तोवर भिंतीला टेकून. फोर्क बदलायचाच असेल, तर पैसे देण्याआधी हेड ट्यूबचं वरचं आणि खालचं माप घ्या, एक्सलचा प्रकार लिहून घ्या आणि त्या मापाचा फोर्क प्रत्यक्ष कुठे आणि कितीला मिळतो ते विचारा. तो आकडा सायकलीच्या किमतीत मिळवून मग विकणाऱ्याशी बोला.